हुकूम एक, संगणक दोन तऱ्हेचे: सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यातलं ग्रुप पॉलिसीचं प्रकरण

टेरी टॉवेल निर्यात करणारी सोलापुरातली एक कंपनी. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. हेड ऑफिस नवी पेठेच्या बाजूला, कारखाना पुणे महामार्गावरच्या चिंचोळी एमआयडीसीत. दोन्हीकडं मिळून साठ-सत्तर विंडोज संगणक. दोन्ही जागा व्हीपीएननं जोडलेल्या आणि प्रत्येक जागी एकेक डोमेन कंट्रोलर, म्हणजे कंपनीच्या सगळ्या संगणकांचा आणि लॉगिनांचा कारभार (डोमेन) सांभाळणारा सर्व्हर, विंडोज सर्व्हर २०१२ वर चालणारा. आपल्याकडच्या मानानं ही मांडणी चांगलीच म्हणायची. बऱ्याच कारखान्यांत अजूनही टॅलीचा एक पीसी हाच सर्व्हर असतो आणि त्याच्यावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी चिकटवलेली असते.

परदेशी खरेदीदारानं माहिती-सुरक्षेची तपासणी ठरवली आणि तीन अटी पाठवल्या. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की पडदा लॉक झाला पाहिजे. पेनड्राइव्ह बंद. पासवर्ड किमान बारा अक्षरांचा. कंपनीचा आयटी सांभाळणाऱ्या तरुणानं हेड ऑफिसमध्ये बसून ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सगळ्या संगणकांना एका जागेवरून नियम लावण्याच्या सोयीत, तिन्ही गोष्टी घातल्या. पासवर्डचा नियम डोमेनच्या मूळ धोरणात, बाकीच्या दोन्हींसाठी नवीन जीपीओ, म्हणजे नियमांचा एक संच. संगणकांच्या ओयूला, म्हणजे डोमेनमधल्या त्यांच्या गटाला, तो जोडला आणि दुसऱ्या दिवशी फेरी मारायला निघाला.

काही संगणक लॉक होत होते, काही होत नव्हते. हेड ऑफिसमध्येही असंच आणि कारखान्यातही असंच, म्हणजे जागेचा संबंध दिसेना. विंडोजची आवृत्ती म्हणावी तर एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच बनावटीच्या दोन पीसींपैकी एक ऐकतोय, दुसरा नाही. अकाउंट्समधला एक काल ऐकत नव्हता, आज रीस्टार्टनंतर ऐकू लागला. मला बोलावलं तेव्हा त्या तरुणाचं पहिलं वाक्य होतं, “सर, कन्सोलमध्ये सगळं बरोबर दिसतंय की वो. तरी खाली पोचत नाही.”

त्यात भर घातली होती वार्षिक देखभालीचं कंत्राट असलेल्या बाहेरच्या माणसानं. तपासणी जवळ आलेली, म्हणून जे संगणक ऐकत नव्हते त्यांतल्या काहींच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात) त्यानं हातानंच किमती घालून टाकल्या. शिवाय प्रत्येक जीपीओवर ‘एन्फोर्स्ड’ची, म्हणजे सक्तीची, खूण केली. जोर लावला की चालेल, असा हिशेब. त्यामुळं कुठल्या संगणकाला धोरण खरंच मिळालंय आणि कुठल्याला हातानं रंग फासलाय, हे नुसतं बघून कळेनासं झालं.

प्रश्न कुठून सुरू करायचा

‘खाली पोचत नाही’ या बोलण्यातच तपास चुकीच्या दिशेला जातो. ग्रुप पॉलिसी सर्व्हर कुणाला पाठवत नाही. विंडोज २००० मध्ये ॲक्टिव्ह डिरेक्टरीबरोबर (डोमेनमधल्या संगणकांची आणि माणसांची नोंदवही) ही सोय आली तेव्हापासून तिची रीत एकच आहे: संगणक स्वतः उठून धोरण आणायला जातो. ही दवंडी नव्हे, चावडीवर लावलेली नोटीस आहे. ज्यानं त्यानं येऊन वाचायची. संगणक सुरू होताना संगणकासाठीचं धोरण, माणूस लॉगिन करताना त्या माणसासाठीचं, आणि मग दर ९० मिनिटांनी पुन्हा एकदा. सगळ्यांची गर्दी एकदम होऊ नये म्हणून त्या नव्वदांत शून्य ते तीस मिनिटांचा सैल हिशेब मिळवलेला असतो. डोमेन कंट्रोलर मात्र आपलं स्वतःचं धोरण दर पाच मिनिटांनी बघतात.

म्हणून विचारायचं ते संगणकाच्या बाजूनं. हा संगणक आणायला गेला का? गेला तर कुणाकडं? तिथं त्याला काय सापडलं? आणि डिरेक्टरीत तो स्वतः कुठल्या ओयूत बसलाय? सर्व्हरवरच्या कन्सोलपुढं बसून यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उलट कन्सोल फसवतो. ग्रुप पॉलिसीचं व्यवस्थापन उघडलं की तो आपोआप पीडीसी एम्युलेटरची (डोमेन कंट्रोलरांपैकी एकालाच दिलेली) भूमिका असलेल्या सर्व्हरला जोडला जातो. इथं तो हेड ऑफिसचा सर्व्हर होता. म्हणजे तो तरुण रोज आपणच लिहिलेली नोटीस, आपण लावली त्याच चावडीवर जाऊन वाचत होता.

सुगावा

पासवर्डचा बारा अक्षरांचा नियम मात्र सगळीकडं लागला होता. नवी पेठेत, चिंचोळीत, ऐकणाऱ्या आणि न ऐकणाऱ्या सगळ्याच संगणकांवर. कुणीही पासवर्ड बदलायला गेला की बारा अक्षरं मागितली जात होती. तक्रारीत हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण चालणाऱ्या गोष्टीची तक्रार कोण करतो? पण प्रकरणाची किल्ली तिथंच होती.

एक जीपीओ दोन ठिकाणी राहतो. त्याची नोंद, आवृत्तीचा आकडा आणि तो कुठं जोडलाय ही माहिती ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डेटाबेसमध्ये. प्रत्यक्ष सेटिंगच्या फाइली मात्र सिसवॉल या सामायिक फोल्डरमध्ये. दोन्ही भाग एका डोमेन कंट्रोलरवरून दुसऱ्यावर जातात, पण वेगवेगळ्या वाटांनी. डेटाबेस डिरेक्टरीच्या प्रतिकृतीतून जातो, सिसवॉल डीएफएस प्रतिकृती नावाची वेगळी सेवा नेते. डोमेनचा पासवर्ड नियम पीडीसी एम्युलेटर धोरणातून वाचतो आणि डोमेनच्या नोंदीतच लिहून ठेवतो, त्यामुळं तो डेटाबेसच्या वाटेनं दुसऱ्या सर्व्हरपर्यंत पोचतो. पडद्याचा लॉक आणि पेनड्राइव्ह या गोष्टी प्रत्येक संगणकाला सिसवॉलमधली फाइल उघडूनच कळतात. पहिला नियम सगळीकडं, बाकीचे दोन अर्धवट. याचा अर्थ डिरेक्टरीची वाट मोकळी आहे आणि सिसवॉलची कुठंतरी तुंबलीय.

डीएनएस, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता सांगणारी सेवा, हा अशा प्रकरणातला नेहमीचा पहिला संशयित. राउटरनं संगणकांना इंटरनेट कंपनीचा डीएनएस वाटला, तर त्यांना डोमेन कंट्रोलर सापडतच नाही. तो इथं तपासला, ठीक होता. मग ऐकणारे आणि न ऐकणारे अशा दोन्ही प्रकारच्या काही संगणकांवर जीपीरिझल्टचा, म्हणजे त्या संगणकाला कुठलं धोरण लागलं ते सांगणारा, अहवाल काढला. त्यात एक ओळ असते, धोरण कुठल्या सर्व्हरवरून लागू झालं ते सांगणारी. लोक ती ओलांडून थेट सेटिंगच्या यादीकडं जातात. इथं सगळं त्या एका ओळीत होतं. हेड ऑफिसच्या सर्व्हरचं नाव असलेले ऐकत होते. कारखान्याच्या सर्व्हरकडं गेलेल्यांच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींच्या लॉगमध्ये) १०५८ क्रमांकाची नोंद होती: नव्या जीपीओची जीपीटी डॉट आयएनआय ही फाइल वाचता आली नाही. कारखान्याच्या सर्व्हरवर सिसवॉल उघडून बघितलं तर त्या जीपीओचं फोल्डरच नव्हतं.

१०५८ आली की त्या खेपेची सगळी प्रक्रियाच थांबते, फक्त तेवढा एक जीपीओ गळतो असं नाही. आधी लागलेली जुनी सेटिंग तशीच राहतात, त्यामुळं संगणक वरवर निरोगी दिसतो.

राहिला प्रश्न की नवी पेठेतला संगणक वीसेक किलोमीटरवरच्या चिंचोळीच्या सर्व्हरकडं जातोच कशाला. डोमेन उभारताना ॲक्टिव्ह डिरेक्टरीत दोन साइट, म्हणजे जागेनुसार विभाग, केल्याच नव्हत्या, कुठला आयपी पट्टा कुठल्या जागेचा हेही भरलं नव्हतं. मग संगणकाच्या लेखी दोन्ही सर्व्हर सारखेच जवळचे. आज हा, रीस्टार्टनंतर कदाचित तो. अकाउंट्समधला पीसी एका रात्रीत शहाणा झाला तो एवढ्यासाठीच.

दुसरी चावडी कधी बंद पडली

कारखान्याच्या सर्व्हरवर डीएफएस प्रतिकृतीच्या लॉगमध्ये मागं मागं जात राहिलो तेव्हा मे महिन्यातली २२१३ क्रमांकाची नोंद सापडली. सेवेचा डेटाबेस नीट बंद झाला नव्हता, म्हणून त्या ड्राइव्हवरची प्रतिकृती थांबवलीय, असं ती सांगते. तारीख बघून कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला लगेच आठवलं. वळवाचा पाऊस, वादळ, एमआयडीसीचा फीडर गेला आणि सर्व्हरच्या यूपीएसची बॅटरी आधीच फुगलेली. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढं असताना, एसी नसलेल्या खोलीत बॅटरी टिकायची तरी कशी! सर्व्हर धाडकन बंद पडला. वीज आल्यावर परत सुरू झाला, लॉगिन चालू, फाइली उघडतात, प्रिंटर चालतो. सगळे कामाला लागले.

सर्व्हर २०१२ मध्ये ठेवणच तशी आहे. असा धक्का बसला की सेवा आपणहून सावरत नाही. प्रशासकानं येऊन आधी बॅकअप घ्यावा आणि मग प्रतिकृती पुन्हा सुरू करावी म्हणून ती थांबून राहते. त्यासाठीची आज्ञासुद्धा त्या नोंदीतच लिहिलेली असते. हेतू चांगला, पण तो लॉग कुणी उघडणार असेल तर. मे ते सप्टेंबर कुणी धोरणात काही बदललं नाही, म्हणून दोन्ही प्रती एकसारख्या होत्या आणि थांबलेलं काही जाणवलं नाही. तपासणीसाठी पहिला बदल झाला आणि फरक उघडा पडला.

दुरुस्ती

आज्ञा चालवली आणि ठरल्याप्रमाणं दुसरी अडचण आली, नोंद ४०१२. जो सर्व्हर ६० दिवसांपेक्षा जास्त काळ इतरांपासून तुटलेला आहे त्याची प्रत शिळी समजून ही सेवा त्याला परत सामील करून घेत नाही. हे संरक्षणच आहे, नाहीतर चार महिन्यांपूर्वी पुसलेल्या फाइली पुन्हा जिवंत व्हायच्या. आता मार्ग एकच: कारखान्याची प्रत टाकून द्यायची आणि हेड ऑफिसची पूर्ण ओढून घ्यायची.

इथं घाई करणारे फसतात. टाकून द्यायच्या प्रतीत काय आहे, ते आधी बघावं लागतं. दोन्ही सर्व्हरवरची सिसवॉल फोल्डरं वेगळ्या ठिकाणी उतरवून एकमेकांशी ताडून पाहिली. बहुतेक सगळं सारखं. फक्त कारखान्याच्या नेटलॉगऑन फोल्डरमध्ये एक बॅच फाइल जास्तीची होती, पॅकिंग विभागाचा लेबल प्रिंटर जोडणारी. पाऊस होऊन गेल्यावर कुणीतरी ती तिथंच ठेवली होती. नेटलॉगऑन हा सिसवॉलचाच भाग, म्हणजे नवी प्रत आली की ही फाइल उडाली असती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंटेनरच्या खोक्यांवर लेबलं लागली नसती. त्या प्रिंटरचं नाव पॅकिंगमधल्या कुणालाही सांगता आलं नाही, ते ‘पांढरा’ एवढंच म्हणतात. ती फाइल हेड ऑफिसच्या प्रतीत नेऊन ठेवली.

मग नेहमीचा क्रम. कारखान्याच्या सर्व्हरच्या डीएफएस सदस्यत्वाच्या नोंदीत ‘चालू’ हा गुण खोटा केला, डिरेक्टरीची प्रतिकृती ढकलली, सेवेला डिरेक्टरी पुन्हा वाचायला लावली. ४११४ आली, म्हणजे तो बाजूला झाला. गुण परत खरा केला, पुन्हा तेच. ४६१४ म्हणजे प्रत ओढायला सुरुवात, ४६०४ म्हणजे पूर्ण. सिसवॉल लहानच असतो, व्हीपीएनवरूनही फार वेळ लागला नाही.

त्याच बैठकीत दोन साइट केल्या, आयपी पट्टे भरले. साइट वेगळ्या झाल्या की त्यांच्यामधली प्रतिकृती मूळ ठेवणीत दर १८० मिनिटांनी होते. ती १५ मिनिटांवर आणली, त्याहून कमी ठेवता येत नाही. बाहेरच्या माणसानं हातानं घातलेल्या रजिस्ट्रीच्या किमती पुसल्या आणि ‘एन्फोर्स्ड’च्या खुणा काढल्या. या खुणा का काढल्या ते पुढं येईलच.

यानंतरही मूठभर संगणक राहिले. डिझाइन विभागातले नवे पीसी डोमेनमध्ये घेतल्यावर ‘कम्प्युटर्स’ या मूळच्या डब्यातच पडून होते. तो ओयू नव्हे, त्याला जीपीओ जोडताच येत नाही. त्यांना योग्य ओयूत हलवलं, आणि पुढं येणारे नवे संगणक आपोआप तिथंच उतरावेत म्हणून रीडीरकॉम्प ही आज्ञा एकदा चालवून ठेवली. डिस्पॅचमधल्या दोन जुनाट पीसींच्या मदरबोर्डवरचा सेल मेलेला होता. साप्ताहिक सुट्टीला मेन स्विच बंद झाला की घड्याळ काही वर्षं मागं जायचं. कर्बेरॉसला, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या पद्धतीला, मूळ ठेवणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. घड्याळ मागाहून सुधारायचं, पण सुरू होतानाची फेरी तोवर फुकट गेलेली. सेल बदलले. मार्केटिंगच्या लॅपटॉपवर विंडोजची होम आवृत्ती होती, ती डोमेनमध्ये येतच नाही. त्याबद्दल वेगळी चिठ्ठी लिहून मालकांना दिली.

हुकूम लागला आणि भांडणं सुरू झाली

माझ्या मते प्रकरणाचा अवघड भाग इथून सुरू होतो. धोरण लागत नव्हतं तोवर ते सगळ्यांना मान्य होतं.

पहिला फोन अकाउंट्समधून. मॅडमचं म्हणणं, डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन चालत नाही, जीएसटीचं रिटर्न अडकलंय. टोकन हे पेनड्राइव्हसारखं दिसलं तरी साठवणुकीचं साधन नाही, त्यामुळं पेनड्राइव्हबंदीनं ते अडायला नको होतं. पण काही टोकन संगणकाला लावल्यावर त्यातला एक भाग सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो, ड्रायव्हरचं इन्स्टॉलेशन त्यातून चालतं. नव्या पीसीवर ड्रायव्हर नव्हता. आणि धोरणात तर ‘सर्व प्रकारच्या काढता येणाऱ्या साधनांना पूर्ण मनाई’ असं घातलेलं, त्यात सीडीही आली. ती सरसकट मनाई काढून प्रकारवार मनाई केली. काढता येणाऱ्या डिस्कसाठी वाचन आणि लेखन बंद. मोबाइल आणि कॅमेऱ्यासारखी साधनं या धोरणात वेगळ्या प्रकारात मोडतात, तीही बंद. ती राहिली असती तर पेनड्राइव्ह बंद आणि फोनमधून फाइली खुशाल चालू, असा प्रकार झाला असता. टोकनचा ड्रायव्हर अकाउंट्सच्या पीसींवर आधीच बसवून टाकला.

दुसरं भांडण मोठं होतं. डिझाइनचे प्रमुख, ज्यांना अख्खा कारखाना अण्णा म्हणतो, थेट खोलीत आले. “माग बंद ठेवू का सांगा.” त्यांचं बरोबर होतं. पूर्वी जॅकार्डला पंच केलेली कार्डं लागायची. आता इलेक्ट्रॉनिक जॅकार्डचा कंट्रोलर डिझाइनची फाइल पेनड्राइव्हवरून घेतो. त्यांच्या मागांना नेटवर्कची जोडणी नाही. पेनड्राइव्ह बंद म्हणजे नवीन डिझाइन बंद, आणि सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात त्याचा अर्थ काय हे सांगायला नको. एन्क्रिप्ट केलेला पेनड्राइव्ह वापरावा असा विचार आला, पण कंट्रोलरला तो वाचता येत नाही, म्हणून सोडला. शेवटी डिझाइनच्या ओयूखाली आणखी एक छोटा ओयू केला, त्यात फक्त एक पीसी ठेवला, आणि तेवढ्यावर मनाई उठवणारा वेगळा जीपीओ जोडला. धोरणाचा क्रम असा: आधी संगणकावरचं स्थानिक, मग साइटचं, मग डोमेनचं, मग ओयूचं. जे जास्त जवळचं ते शेवटी लागतं आणि तेच टिकतं. वरच्या जीपीओवर ‘एन्फोर्स्ड’ असतं तर हा क्रम उलटला असता, वरचंच टिकलं असतं आणि सवलत लागलीच नसती. मागासाठीचे पेनड्राइव्ह मोजके, रंग लावलेले, रात्री अण्णांच्या कुलपात. त्यांना ही अट जड गेली नाही. त्यांची कुरकुर एवढीच होती की आधी कुणी विचारलं का नाही.

तिसरं वजनकाट्याचं. काट्यावरचा माणूस गाडी चढेपर्यंत कळफलकाला हात लावत नाही, उन्हात उभा राहून ड्रायव्हरला मागं-पुढं घ्यायला सांगतो. आत येतो तोवर पडदा लॉक. पासवर्ड बारा अक्षरांचा, मागं गाड्यांची रांग. पडदा लॉक करण्याचं काम संगणकाच्या निष्क्रियतेची मर्यादा या सुरक्षा सेटिंगनं केलं होतं, किंमत ६०० सेकंद. ते संगणकाला लागतं, माणसाला नाही, म्हणून काट्याच्या पीसीपुरतं ते वाढवणं सोपं. वाढवावं की नाही, हा निर्णय मात्र आयटीचा नव्हे, असं मी स्पष्ट सांगितलं. कारखाना व्यवस्थापकांनी कारण लिहून सही केली, तेव्हाच बदल केला.

या सवलतींची एक वही झाली. कुठला संगणक, कुठली सवलत, का, कुणाच्या सहीनं. तपासणीला आलेल्या माणसानं जीपीरिझल्टचे अहवाल त्याला हवे त्या संगणकांचे काढायला लावले आणि त्याहून जास्त वेळ ती वही वाचली. मार्केटिंगचे लॅपटॉप त्यानं शेऱ्यात घेतले. ते अपेक्षित होतं.

आता कंपनीचा तरुण दर सोमवारी ग्रुप पॉलिसीच्या कन्सोलमध्ये डोमेनवर जाऊन ‘स्टेटस’च्या टॅबमधून दोन्ही सर्व्हरांची तुलना करतो. सर्व्हर २०१२ पासून ही सोय त्यातच आहे. २२१३ नोंद पडली की त्याला ईमेल जावी अशी टास्कही लावून दिलीय. कारखान्याच्या यूपीएसला नवीन बॅटऱ्या आल्या. सर्व्हर २०१२ चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा विस्तारित आधार (एक्स्टेंडेड सपोर्ट) मात्र १० ऑक्टोबर २०२३ लाच संपलेला आहे, आणि हे मी अहवालात पहिल्याच पानावर घातलं. दोन नव्या सर्व्हरांचं कोटेशन मालकांच्या टेबलावर आहे. दिवाळीचा बोनस होऊ द्या, मग बघू, म्हणालेत.